एका शब्दावर चालणारी भट्टी

आमच्या शेडमध्ये बाबा आणि काका एकमेकांशी एकच शब्द बोलतात. दम. बाबा मागतो, काका देतो. सकाळी भट्टीची झडप उघडल्यापासून संध्याकाळी ती लागेपर्यंत दोघांत दुसरं अवाक्षर नाही.

काच कशी फुंकतात ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. भट्टीत काच घट्ट मधासारखी असते. लांब पोकळ लोखंडी नळी आत घालायची, फिरवत फिरवत टोकाला गोळा गुंडाळायचा आणि तसाच फिरवत बाबाकडे आणायचा. हे माझं काम. फिरवणं जरा थांबलं की काच ओघळते, मग बाबा माझ्याकडे बघतो. ओरडत नाही, नुसता बघतो, आणि मला तेच जास्त झोंबतं. बाबा बाकावर बसतो. बाकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे आहेत, त्यांच्यावर नळी आडवी ठेवायची. डाव्या हाताने ती लोळवत राहायची आणि उजव्या हातात ओल्या कागदाची जाड घडी घेऊन पेटता गोळा घोळवायचा, लहान पोराचं डोकं कुरवाळावं तसा. नळीच्या दुसऱ्या टोकाला खाली उकिडवा काका. नळी पुढे-मागे लोळते तसा तोही बेडकासारखा पुढे-मागे सरकतो, तोंड नळीला लावलेलंच. बाबा 'दम' म्हणाला की फुंकायचं. बाबाने चिमटा कठड्यावर टक् वाजवला की थांबायचं.

बाहेर लोक हा शब्द कसाही उधळतात. जिना चढला की दम लागतो, शेजारच्या पोराने काच फोडली की आई त्याला दम देते, आणि मला तर सगळं जगच दम धर, दम धर म्हणत असतं. आमच्या शेडमध्ये मात्र दम म्हणजे नळीतली फुंकर, दुसरं काही नाही. थांबायचं असेल तर थांब म्हणायचं, दमलात तर थकलो म्हणायचं. मी नवी होते तेव्हा मला चिमटा सापडेना, बाबा घाई करत होता, मी वैतागून 'अरे दम धर की जरा' म्हणाले आणि काकाने इमानदारीत फुंकलं. सरळसोट बाटलीला हे एवढं पोट सुटलं. काका मला म्हणाला, बाईला दिवस गेलेत, हिला नीट जप. ती बाटली आईने मोडू दिली नाही. खिडकीत असते, आई तिच्यात तेल ठेवते.

शब्द एक असला तरी बाबा तो एकसारखा म्हणत नाही. तुटक म्हणाला तर गरम चहावर घालतो तेवढीच फुंकर. 'दऽम' असा ताणला तर लांब, संथ, पोटाच्या तळातून. शेवटचा म ओठातच ठेवला तर फुंकून नळीचं तोंड अंगठ्याने बंद करायचं, मग आतली हवा तापते आणि काच आपली आपण फुगते. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. काकाला तिथून काच दिसतही नाही, मधे बाबाचे गुडघे असतात. तो नुसता ऐकतो आणि पाहिजे तेवढीच हवा आत जाते. मी हे रोज बघते, आणि रोज वाटतं की जगात कुणी कुणाचं इतकं ऐकत नसेल.

आणि हे दोघं बोलत नाहीत. कारण मी. मी शाळा सोडली, म्हणजे मास्तरांच्या अंगावर डस्टर परत फेकलं आणि मग गेलेच नाही. त्या दिवशी काका बाबाला म्हणाला, पोरीला भट्टीत घालू नकोस, कान धरून शाळेत नेऊन बसव. बाबा म्हणाला, माझी पोर आहे, मी बघतो. काका म्हणाला, बघतोयस ते दिसतंय. मग बाबाच्या तोंडून ते निघालं, की तुला मूल असतं तर कळलं असतं. काकू तिथेच कप विसळत होती. तिने कप उपडा ठेवला आणि दोघं घरी गेले. दुसऱ्या दिवशी काका वेळेवर कामाला आला, नळीशी बसला, आणि तेव्हापासून हे असं.

बाकीचं बोलणं माझ्यामार्फत चालतं. दोघं हाताच्या अंतरावर बसलेले आणि काका मला सांगणार, तुझ्या बापाला सांग, कागद वाळलाय. बाबा मला सांगणार, त्याला म्हणावं दिसतंय मला, डोळे आहेत. मी मधल्या मधे गाळून सांगते. दोघांच्या शिव्या जशाच्या तशा पोचवल्या असत्या तर शेडला कधीच कुलूप लागलं असतं.

तर एक दिवस वाचनालयाचा व्यवस्थापक आला. त्यांच्या मोठ्या दालनात छताला दिव्यांच्या काचेच्या हंड्या टांगलेल्या आहेत, दोन रांगांत, मिठीत मावेल न मावेल एवढी एकेक. रंगाऱ्याची शिडी लागून त्यातली एक फुटली होती. त्या सगळ्या हंड्या बाबा आणि काकाने केलेल्या, माझ्या जन्माआधी. माणूस सगळीकडे फिरून आला होता, तसली दुसरी कुठे मिळेना. तुम्हीच केलेल्या, तुम्हीच करा, म्हणाला.

बाबा म्हणाला, आता मोठं काम करत नाही आम्ही.

माझं डोकंच सटकलं. वर्षभर हेच चाललं होतं. हॉटेलवाल्याच्या मोठ्या सुरया नको, फुलवालीच्या उंच बरण्या नको. अत्तराच्या कुप्या, मिठाच्या डब्या, पेपरवेट. मी त्या माणसासमोरच बोलले, की उद्यापासून बांगड्यांचे मणी करूया का, म्हणजे फुंकायलाच नको. बाबाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याला वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटायचं, याचा हात गेलाय, आणि हे कबूल करायला याची जीभ वळत नाही.

काका कोपऱ्यात पाणी पीत होता. भांडं खाली ठेवून तो मला म्हणाला, त्यांना सांग, होईल म्हणावं. मी बाबाकडे न बघता सांगून टाकलं, होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लागलो. मी पहिला गोळा आणला, त्यावर दुसरा चढवला, मग तिसरा. तोपर्यंत नळी एवढी जड होते की मनगटं बोलायला लागतात. बाबाने भिजवलेल्या लाकडी वाटीत गोळा घोळवून गोल केला, वाफेचा ढग उठला, मग कागद घेतला. 'दम.' फुगा आत उमलला. 'दम.' काच आंब्याएवढी, मग डोक्याएवढी. परत भट्टीत तापवून आणली. आता लांब दम लागणार होता, एका फुंकरीत पूर्ण आकार येणारा. बाबाने मागितला. काकाने दिला, आणि मधेच तुटला. कळेल न कळेल एवढाच तुटला, लगेच त्याने पुढचा श्वास घेऊन भरून काढलं. पण काच थांबत नसते. हंडीच्या पोटाला बारीक कंबर आली, पट्टा करकचून बांधल्यासारखी.

बाबाने हंडी तुकड्यांच्या पिंपात टाकली आणि मला म्हणाला, गोळा वाकडा आणलास.

मी उसळले. गोळा सरळ होता, मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मी हातमोजे काढून आपटले. मग वाटलं बघूच, आणि दुसऱ्या वेळी असा गोळा आणला की कुणाच्या बापाला नावं ठेवता येऊ नयेत, माझ्याही. परत तेच. त्याच जागी कंबर. बाबा म्हणाला, भट्टी कमी तापलीय. भट्टीने माझ्या पापण्यांचे केस जाळले होते, आणि म्हणे कमी तापलीय.

तिसऱ्या वेळी मी गोळा देऊन बाजूला झाले नाही. उभी राहिले आणि बघत बसले, की हा माणूस करतो तरी काय. तेव्हा दिसलं.

काच घडवणारा नजर काचेवरून काढत नाही. शेडला आग लागली तरी नाही. बाबाने मला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं. काच त्याच्या उजव्या हाताला होती आणि बाबाची मान डावीकडे वळत होती. काकाकडे. काकाच्या पाठीकडे, श्वास भरून बनियनखाली बरगड्या वर आल्या की नाही ते बघत होता, आणि त्या आल्या की मगच म्हणत होता, दम. काच मागत होती त्याच्या जरा मागाहून. तेवढ्यात काच थोडी निवत होती, थोडी झुकत होती, आणि ती झुकलेली काच बाबा कागदाने सावरून परत जागेवर आणत होता, न बघता. हात गेलेला माणूस असं करेल? मला तोंडात बोट घालायची वेळ आली. हे आजचं नव्हतं. त्या कुप्या, त्या डब्या, ते पेपरवेट. वर्षभर तो काकाच्या छातीच्या मापाचं काम निवडत होता आणि नावं मला ठेवत होता.

एवढ्या मोठ्या हंडीला मात्र ती चोरी चालेना. तिसरीही पिंपात गेली.

दुपारी काका मागच्या पायरीवर बसला होता. गुडघ्यावर कोपरं टेकून, ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडत होता, दिवा विझू नये अशी. मी शेजारी बसले आणि आडपडदा न ठेवता विचारलं, कधीपासून.

"मागच्या थंडीपासून," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, नळी सोडा. बाकी काही होत नाही म्हणाला, फिरा, खा, प्या. फक्त नळी सोडा."

"मग सोड ना. कशाला जीव काढतोस?"

त्याने ओठांचा चंबू करून हवा सोडली. आधी छाती जागेवर यावी लागते त्याला.

"सोडली तर घरी बसेन," तो म्हणाला. "तुझा बाप दिवसभरात एवढा एकच शब्द बोलतो माझ्याशी. तो दुसऱ्याला म्हणायला लागला तर माझ्याकडे काय राहिलं?"

मी लगेच फटकन काहीतरी बोलते, ते माझ्या रक्तातच आहे. त्या वेळी आधी त्याचं पाण्याचं भांडं भरून आणलं. मग म्हणाले, त्याला माहीत आहे काका, तुझी पाठ बघून मागतो तो. काका म्हणाला, मला काय माहीत नाही? वर्षभर उशिरा मागतोय. कानाने कळतं मला.

म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं. एक पाठ बघून सांभाळून घेत होता, दुसरा ते ओळखून गप्प राहत होता. आणि त्यांचा निरोप्या म्हणून मिरवणारी मी, माझ्या हातून सगळ्यांत मोठा निरोप गेलाच नव्हता.

मी म्हणाले, मला शिकव. काकाने माझ्याकडे असं बघितलं जसं मी पुन्हा डस्टर फेकलंय. म्हणाला, तुला शाळेत घालायला भांडलो, आणि आता मीच तुला नळी देऊ? मी म्हणाले, शाळेतच घाल. तुझ्या. तिथे फेकायला डस्टर नाही.

तो हसला, खोकला, परत हसला. मग खिशातून पातळ कागदाचा चिटोरा काढून त्याने भिंतीवर धरला आणि म्हणाला, फुंक, कागद पडू द्यायचा नाही. मी जोरात फुंकलं, कागद क्षणभर चिकटला आणि पडला. परत. परत पडला. तिसऱ्यांदा मी भिंतीला लाथ घातली.

"बघ," काका म्हणाला. "तुझी सगळी हवा खांद्यात असते. राग आला की माणूस खांद्यात श्वास घेतो. तिथे वाटीभर मावते. पोटात घे, तिथे घागर आहे. आणि जोर करू नकोस. काच मोठी होते तशी तिला जोर कमी लागतो, हवा जास्त लागते. ढकलू नकोस, नुसती देत राहा."

आणखी एक गोष्ट त्याने हाताला धरून सांगितली. नळीला तोंड लावलेलं असताना आत ओढायचं नाही कधी, तोंड बाजूला करून नाकाने घ्यायचं. आत ओढलंस तर भट्टी येईल घशात.

वाचनालयवाल्याकडून मी थाप मारून आठवडा मागून घेतला. रोज काम संपलं की पायरीवर मी, काका आणि तो चिटोरा. आईने एकदा खिडकीतून बघितलं, तिला वाटलं मी भिंतीशी भांडतेय, आणि ते तिला नवीन नसल्यामुळे ती काही बोलली नाही. हळूहळू कागद टिकायला लागला. गंमत म्हणजे त्या दिवसांत मी कुणावर ओरडले नाही. ओरडायलाही हवा खांद्यातूनच येते बहुतेक.

बाबाला काहीच सांगितलं नव्हतं. एवढ्या जवळ राहून त्याला कळलं नसेल असंही नाही. हंडीच्या दिवशी सकाळी काका नळीशी बसलाच नाही. एक पालथा डबा ओढून बाकाच्या उजव्या बाजूला, काचेसमोर बसला, आणि मला म्हणाला, तुझ्या बापाला सांग, आज तू फुंकणार. मी म्हणाले, बाबा, आज मी फुंकणार. बाबा उठला, माझ्या हातातली नळी घेतली आणि स्वतःच गोळा आणायला गेला. त्याचा गोळा बघितल्यावर मला कळलं की माझा सरळ असला तरी सरळ म्हणजे काय ते अजून बाकी आहे.

पहिले दोन-तीन दम त्याने मागितले आणि मी दिले. फुगा उमलला. खाली बसून खरंच काही दिसत नाही, बाबाचे गुडघे, बाकाची फळी आणि नळीच्या तोंडाची लोखंडाची चव. आवाजावर विश्वास ठेवायचा, दुसरा इलाज नाही. हंडी परत तापवून आणली. आता तो लांब दम. मी पोटात घेतला. घागर भरली. आणि थांबले.

बाबा काही बोलेना.

नळी लोळत होती, कागद चुरचुरत होता, जळक्या कागदाचा वास आला. बाबा गप्प. मी पुढे-मागे सरकत होते, तोंडात हवा धरून, आणि डोक्यात सगळं उकळायला लागलं होतं. माग ना. काच निवेल. एवढी तापलेली काच झुकायला किती वेळ लागतो हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे? मी बाकाखालून मान तिरकी केली. बाबाची नजर काचेवरच होती. ओठ घट्ट मिटलेले. विसरला नव्हता. तो शब्द त्याने मुद्दाम म्हटला नव्हता, ताटात वाढून ठेवतात तसा तसाच ठेवून दिला होता, आणि काच हळूहळू खाली झुकत होती.

डबा करकरला.

"दऽम," काका म्हणाला.

मी दिला. ढकलला नाही, नुसता देत राहिले. काका म्हणत राहिला, "दऽम, दऽम, अजून, डावीकडे पातळ होतंय, हळू," आणि बाबाची घडी त्याच्या आवाजापाठोपाठ डावीकडे गेली. काकाने आयुष्यात पहिल्यांदा काच समोरून बघत दम मागितला होता, आणि त्याला तो नेमका मागता येत होता. एवढी वर्षं दुसऱ्या टोकाला बसून त्याने सगळं पाठ केलं होतं. माझं पोट पाठीला लागलं, कानात गुणगुण सुरू झाली. आता चिमटा वाजेल, आता वाजेल. चिमटा वाजला नाही.

"बास," बाबा म्हणाला.

मला नाही. मान उजवीकडे करून, काकाकडे बघून. काकाने मान हलवली, हो, बास. मी नळी सोडून जमिनीवर आडवी झाले.

हंडी सावकाश थंड व्हायच्या पेटीत गेली. त्यानंतर दोघं फार काही बोलले असं नाही. काका म्हणाला, तुझ्या बापाला सांग, तळ जरा जाड राहिला. मी जमिनीवरूनच म्हणाले, माझ्यात हवा नाही, तूच सांग. काकाने घसा साफ केला आणि भट्टीकडे बघत म्हणाला, तळ जरा जाड राहिला.

"राहू दे," बाबा म्हणाला. "टांगायचीय, लोक खालून बघतात. जाडच बरा." मग जरा वेळाने, कागद बादलीत बुडवता बुडवता, "मी त्या दिवशी बोललो ते... वहिनीलाही सांग."

"ये आणि तूच सांग," काका म्हणाला. "मी काय निरोप्या आहे?"

हंडी लावली त्या दिवशी मी वाचनालयात गेले होते. शाळेच्या वेळेला आलेली पोर बघून दारातला माणूस आत सोडेना, मी म्हटलं मला पुस्तक नकोय, छत बघायचंय. खालून सगळ्या हंड्या सारख्या दिसतात. आमची कुठली ते मलाही लगेच सांगता आलं नाही, आणि मान दुखेपर्यंत मी तिथून हलले नाही.

काका अजून रोज येतो. डबा आता बाकाच्या उजवीकडेच असतो. सकाळी बाबा बसायच्या आधी पाण्याची बादली पायाने जरा पुढे सरकवतो, काकाचे गुडघे मावावेत म्हणून. मग मी नळीशी बसते, पोटात घेते आणि काकाच्या आवाजाची वाट बघते.